वरच्या मावशीची पंधरा मिनिटं

माझं काम खिडकीत बसण्याचं. स्टँडच्या कोपऱ्यात पर्यटकांसाठी चौकशीची एक खिडकी आहे, तिच्यामागे मी गेली बारा वर्षं बसते आहे. बसमधून माणसं उतरतात, आखडलेले पाय मोकळे करतात, डोंगरांचे फोटो काढतात आणि मग माझ्याकडे येऊन सगळी एकच विचारतात, "राहायची सोय कुठे होईल?" दुरून डोंगर साजरे ही म्हण कोणा सपाटीवरच्या माणसाने केलेली असणार. आमचे डोंगर जवळूनही साजरेच आहेत, फक्त ते चढावे लागतात.

सोयी पुष्कळ आहेत. नदीकाठी दोन मोठी हॉटेलं आहेत, तिथे लिफ्ट आहे आणि खोल्या गरम ठेवतात. स्टँडभोवती पाच-सहा लॉज आहेत, त्यांच्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्या खोलीत कोणी शिंकलं तर आपण रुमाल काढावा. गिर्यारोहकांच्या मंडळाची एक लांबलचक खोली आहे, वीस खाटांची; त्यातला एक घोरायला लागला की एकोणीस जागे. नदीपलीकडे तंबू आहेत. वनखात्याचं विश्रामगृह आहे, पण तिथे ओळख असेल तर जागा मिळते, नसेल तर डागडुजी चालू असते. आणि मग चढावरची घरं, जिथे घरातली माणसंच दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात. कोणाला कुठे पाठवायचं हे मी त्याच्या त्यापुढच्या प्रश्नावरून ठरवते. आधी गरम पाण्याची चौकशी केली तर नदीकाठी. सकाळच्या पहिल्या बसची वेळ विचारली तर लॉजमध्ये. "खिडकीतून काय दिसतं?" असं कोणी विचारलं, तर तो माणूस माझ्या मावशीचा.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, पण साऱ्या बाजाराची ती 'वरची मावशी' आहे. वरची, कारण तिचं घर स्टँडच्या बरोबर डोक्यावर आहे. मी खिडकीतून मान वाकडी करून वर पाहिलं की तिचा ओटा आणि ओट्याचा लाकडी कठडा दिसतो. वारा पडलेला असेल तर तिने मारलेली हाक स्टँडवर ऐकू येते. लहानपणी मी स्टँडवर खेळत असायचे तेव्हा ती वरून ओरडायची, "स्वेटर घाल गं," आणि तिकीट खिडकीपुढच्या रांगेतली माणसंसुद्धा आपापले स्वेटर चाचपायची. तिला मूलबाळ नाही. माझी आई हॉटेलच्या धोबीखान्यात दिवसभर कामाला असायची, म्हणून मला निम्मं मावशीनेच वाढवलं. निम्मं म्हणजे रागावण्याचं निम्मं, असं आई म्हणते.

तिच्याकडे तीन खोल्या आहेत, प्रत्येकीत दोन खाटा, एक टेबल आणि एक खिडकी. खोली रिकामी असेल तर ती कठड्यावर पांढरी चादर टाकते. तीन चादरी म्हणजे तीन खोल्या. फोन आला तरी तिने ही पद्धत सोडली नाही; फोनला रेंज लागते, चादरीला काय लागतं, असं तिचं म्हणणं. मीही वर पाहूनच पाहुण्यांना सांगते, "दोन खोल्या आहेत, जा." ते चकित होतात. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू?

हे सगळं सुरू झालं एकतीस वर्षांपूर्वी. दरड कोसळून घाट बंद पडला, दोन बसगाड्या स्टँडवर अडकल्या आणि लॉजच्या मालकांनी पायऱ्यांवर झोपायचेही भाव सांगायला सुरुवात केली. मावशीचे यजमान त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. घर रिकामं, आणि ती अडतीस वर्षांची. ती स्टँडवर आली, बसपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "वर जागा आहे." अकरा जण तिच्यामागून निघाले. त्यांच्या सामानातल्या दोन मोठ्या बॅगा तिने स्वतःच्या पाठीवर घेतल्या. त्या अकरांत एक गृहस्थ होते, त्यांना दर गोष्टीला घड्याळ लावायची सवय. मावशी सगळ्यांच्या पुढे निघून गेली आणि ओट्यावरून हात हलवला, तेव्हा त्यांनी खालूनच वेळ पाहिली. पंधरा मिनिटं. स्वतः ते दीड तासाने पोहोचले, पण पहिली गोष्ट बोलले ती हीच: "बाई, पाठीवर ओझं घेऊन तुम्ही पंधरा मिनिटांत चढलात." मावशीला तोवर कोणी तिच्याविषयी एखादा आकडा सांगितला नव्हता. तो तिने जन्मभर जपला.

पुढे पर्यटन कार्यालयाने मुक्कामाच्या जागांचं पत्रक छापायला घेतलं, तेव्हा अर्जात एक रकाना होता, 'स्टँडपासून अंतर'. मावशीने सांगितलं आणि मी लिहिलं: 'हाकेच्या अंतरावर, पायी पंधरा मिनिटे'. यातला एकही शब्द खोटा नव्हता. हाक ऐकू येत होती आणि पंधरा मिनिटं घड्याळात बघून मोजलेली होती. पाहुणे घामाघूम होऊन पोहोचायचे, थोडी कुरकुर करायचे, मग खिडकी उघडायचे आणि गप्प व्हायचे. बाजारातल्या हमालांनी मात्र तिचं नाव 'पंधरा मिनिटं' ठेवलं होतं. "काय, आज कोणाची पंधरा मिनिटं भरली?" असं ते एकमेकांना विचारायचे. मावशी ते कौतुक समजायची.

गेल्या हंगामात चारच्या बसने एक जोडपं आलं. दोघं सत्तरीच्या आसपास. बाई बॅगांपाशी थांबल्या आणि आजोबा खिडकीशी आले. त्यांनी विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?" मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाहिलं हे मला आठवतं. आणि तरी मी म्हणाले, "सगळी डोंगररांग दिसते. हे काय, इथे वरच, पंधरा मिनिटं."

तिसऱ्या वळणावर आजोबा खाली बसले ते उठेनात. छाती धरली होती. बाईंनी हाका मारल्या, त्या वर मावशीला आणि खाली मला एकदमच ऐकू आल्या. आम्ही दोघी दोन बाजूंनी धावलो. हमालांनी त्यांना उचलून दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, दम लागला आणि घाबरले. दोन दिवस दवाखान्यात राहून ते दोघं निघून गेले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

तीन आठवड्यांनी त्यांची तक्रार आली. चांगल्या, वळणदार अक्षरात चार ओळी होत्या. शेवटची ओळ अशी: 'आमची फसवणूक झाली आहे.' कार्यालयाचा नियम सरळ होता. पत्रकातली माहिती खोटी ठरली, तर नाव यादीतून कमी. नवं पत्रक महिन्याभरात छपाईला जायचं होतं, आणि पत्रकात नाव नाही म्हणजे मावशीच्या घराकडे कोणी ढुंकूनही बघणार नव्हतं. पाहुणे बंद म्हणजे घर बंद. मग तिला खाली आमच्या दोन खोल्यांत येऊन राहावं लागलं असतं, आणि तिथे ती दिवस कसे काढेल याची कल्पनाच मला करवत नव्हती.

मी तिला समजावलं, "माफीचं पत्र देऊ. आकडा बदलू, तासभर लिहू. प्रकरण मिटेल."

"माफी कशाची?" ती म्हणाली. "मी कोणाला फसवलंय?"

"तसं नाही गं."

"तसंच लिहिलंय त्यांनी. फसवणूक. एकतीस वर्षं लोक माझ्याकडे राहून गेले, कोणाचा साबणाचा तुकडा राहिला तरी मी पोस्टाने पाठवला. आणि आता मी फसवते?" तिने पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांच्या साहेबाला म्हणावं, घड्याळ घेऊन ये. माझ्याबरोबर चढ. मग काय ते लिही."

मी तिला अडवायला गेले. पण तिने माझं ऐकण्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः कार्यालयात फोन लावून तिने तपासणी मागून घेतली. स्वतःहून तपासणी मागणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल.

तपासनीस साहेब सकाळच्या बसने आले. सडपातळ, चाळिशीचे, पायांत गुळगुळीत तळाचे ऑफिसचे बूट. मावशी कधीची स्टँडवर येऊन बसली होती, नवी शाल घेऊन.

"या आजीबाई, चला," साहेब म्हणाले.

"मावशी म्हणा," ती म्हणाली. "सगळे मावशीच म्हणतात."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, दहा वाजले होते. कागदावर वेळ लिहिली आणि आम्ही निघालो. पुढे मावशी, मध्ये साहेब, मागे मी. माझी जागा मागेच असते.

दवाखान्यामागच्या पायऱ्या ती बरी चढली. पायऱ्या संपल्या तिथे नळ आहे. तिथे ती थांबली आणि साहेबांना नळाची कुळकथा सांगू लागली: पाणी कुठल्या झऱ्याचं, नळ कोणी बसवला, थंडीत तो गोठतो तेव्हा काय करतात. साहेबांनी गुडघ्यांवर हात टेकून ती सगळी ऐकली. पहिल्या वळणावर तिने ढासळलेला बांध दाखवला आणि तो कोणी कसा वाईट बांधला ते सांगितलं. दुसऱ्या वळणावर खालचा बाजार दाखवला, एकेक छप्पर, मालकांच्या नावानिशी. तिसऱ्या वळणावर ती काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. त्या जागेकडे तिने पाहिलं आणि मग शालीचं टोक कमरेला खोचून पुढे निघाली.

मी मागे बुटाची नाडी बांधत होते. खरं म्हणजे ती सुटलेली नव्हती.

गेली तीन-चार वर्षं मी दर रविवारी तिच्याबरोबर बाजार घेऊन चढते, आणि प्रत्येक थांब्यावर तिच्याकडे विषय तयार असतो. पूर्वी ती बोलत बोलत चढायची. आता ती बोलायला थांबते. माणूस दर वर्षी थोडा हळू होतो, आणि बरोबरचं माणूसही तितकंच हळू झालं तर ज्याचं त्याला कळत नाही. मी हळू होत गेले. कधी नाडी, कधी फोन, कधी फोटो. वर पोहोचलो की ती म्हणायची, "बघ, आलो की. पंधरा-वीस मिनिटं." तिच्या हातात कधीच घड्याळ नसतं.

ओट्यावर पाऊल ठेवलं तेव्हा साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि एका बुटाचा तळ पुढून उघडला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून बावन्न मिनिटं.

"बावन्न मिनिटं," ते पुटपुटले. मावशी आत गेली, स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. साहेब खिडकीपाशी बसले. सगळ्यांचं होतं तेच त्यांचंही झालं, समोरची रांग बघून ते थोडा वेळ गप्प झाले. मग कागद पुढे ओढून म्हणाले, "मावशी, तुमचा वेळ वाया घालवला मी. जन्म टेबलाशी गेला, चढायची सवय नाही. माझ्यामुळे तुम्हाला जागोजागी थांबावं लागलं, ते काय मला दिसलं नाही का? तुम्ही एकट्या असता तर केव्हाच पोहोचला असतात."

मावशी किटली घेऊन उभी होती.

"त्या आजोबांचं वय झालेलं. माझी ही गत, तर त्यांचं काय? मी लिहितो, तक्रारीत तथ्य नाही. स्थानिक माणसाला पंधरा मिनिटं लागतात, पत्रकात तसा खुलासा जोडावा. झालं. तुमचं नाव जिथे आहे तिथेच राहील."

मला एकदम हलकं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला होता. मी मावशीकडे पाहून हसले सुद्धा. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. किटली तिने टेबलावर ठेवली, साहेबांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली. पाहुण्यांसमोर ती कधी बसत नाही.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही थांबलात म्हणून मी थांबले नाही. मी थांबले म्हणून तुम्हाला थांबायला मिळालं."

"मी समजलो नाही."

"नळापाशी मला दम लागला होता. बांधापाशी गुडघा धरला होता. तुमच्याकडे बघायला मला फुरसत कुठे होती? ती बावन्न मिनिटं माझी आहेत." ती थांबली. "मला वाटलं होतं पंधराच लागतात. आज वाटेतच कळायला लागलं. तिसऱ्या वळणावर नक्की कळलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस भला होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "असं लिहिलं तर तक्रार खरी ठरते, मावशी."

"खरीच आहे ती."

"नाव कमी होऊ शकतं."

"लिहा म्हणते ना. बावन्न लिहा. आणि सत्तरीच्या माणसाला दीड तास, असंही लिहा. खाली बसायला दगड कुठे कुठे आहेत ते मी सांगते."

साहेबांनी ते लिहून घेतलं. दगडांसकट. उतरताना त्यांना बूट नीट घालता येईना म्हणून मावशीने सुतळी दिली आणि स्वतःच्या हाताने तळ बांधून दिला. मी त्यांना पहिल्या वळणापर्यंत सोडून परत आले, तेव्हा ती खुर्चीतच बसलेली होती. चहा तसाच होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

तो प्रश्न नव्हता, पण मी उत्तर दिलं. "हो."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील. चार."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

तिने मान हलवली, जणू हे तिला पटलं. मला वाटलं, झालं, संपलं. मग ती म्हणाली, "आणि त्या म्हाताऱ्याचं?"

मी साहेबांची खुर्ची सरळ करायला लागले.

"मी पंधरा सांगितली तेव्हा मला ती खरी वाटत होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तिच्या ओरडण्याची मला सवय आहे. "तू खिडकीत बसून सांगितलीस तेव्हा तुला ठाऊक होतं. फसवणूक झाली म्हणतात ते बरोबर आहे. फक्त माझं नाव घातलंय त्यांनी. माफीचं पत्र द्यायचं म्हणत होतीस ना? दे. तुझ्या नावाने दे."

मी रडले. त्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. तिने किटली पुन्हा स्टोव्हवर ठेवली आणि चहा गरम करून मला दिला.

नवं पत्रक हंगामाच्या तोंडावर आलं. साहेबांनी कार्यालयात काय सांगितलं कोणास ठाऊक, पण नाव कमी झालं नव्हतं. शेवटच्या पानावर, 'चढावरची घरे' या मथळ्याखाली, सगळ्यात तळाशी ते होतं: पायी एक तास, वयस्करांना दीड तास, वाटेत बसण्याची सोय. 'हाकेच्या अंतरावर' हे शब्द काढले होते. शेवटच्या पानापर्यंत जाणारी माणसं थोडी असतात. मी खिडकीत सगळ्यांना खरी वेळ सांगू लागले, आणि खरी वेळ ऐकली की दहातले सात जण नदीकाठी जातात. मावशीने एक खोली बंद केली. उरलेल्या दोन खोल्या महिन्यातून दहा-बारा दिवस भरतात. तेवढ्यावर तिचं भागतं, असं ती म्हणते. मी घरच्या किराण्यातलं थोडं वर नेते, ते ती वजन करून बघते आणि जास्त असेल तर परत देते. पण घर उघडं आहे आणि ती त्यात आहे.

पत्र मात्र मी लिहिलं नव्हतं. दर रविवारी ती विचारायची, "लिहिलंस?" मी म्हणायचे, पत्ता शोधते आहे. पत्ता तक्रारीवरच होता. मग म्हणायचे, हंगाम आहे, वेळ नाही. ती पुढे काही बोलायची नाही, पुढच्या रविवारी पुन्हा विचारायची. तिच्या चिकाटीपुढे डोंगरही हात टेकेल, मी तर तिची भाची.

शेवटी एकदा खिडकीत बसूनच लिहायला घेतलं. बस आली नाही, रस्त्यात काही बंद पडलं होतं, आणि दोन तास कोणी आलंच नाही. सुरुवातीला मी खूप लिहिलं. मावशी किती चांगली आहे, तिने साहेबांना काय सांगितलं, आमचा हेतू कसा वाईट नव्हता. दोन पानं भरली. वाचून पाहिली तर त्यात माझं काहीच नव्हतं. ती फाडली. मग एवढंच लिहिलं: 'त्या दिवशी खिडकीत मी बसले होते. मी तुमच्या पायांकडे पाहिलं होतं. तुम्हाला पंधरा मिनिटांत चढता येणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी तुम्हाला पाठवलं. माझी चूक झाली.' खाली सही केली आणि पाकीट त्याच वेळी टपालात टाकलं, नाहीतर तेही फाडलं असतं.

त्याला आता पाच महिने झाले. उत्तर आलेलं नाही. परवा चढताना, नळापाशी थांबलो तेव्हा, मी मावशीला ते सांगितलं.

"उत्तर यावं म्हणून लिहिलं होतंस का?" तिने विचारलं.

मी नाही म्हणाले, पण ते खरं नव्हतं. मी अजून रोज टपाल बघते.